लघुग्रह आणि अवरक्त उपकरणांचे अंशशोधन

अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्यापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे) किरण टिपणाऱ्या दुर्बिणीवरील उपकरण जो विद्युत संकेत नोंदवते तो प्रत्यक्ष ऊर्जेच्या एककात बसवण्यासाठी, ज्यांच्याकडून किती ऊर्जा येणार हे आधी गणिताने काढता येते असे लघुग्रह प्रमाण म्हणून वापरण्याची पद्धत. अंशशोधनाला प्रयोगशाळेत सर्रास कॅलिब्रेशन म्हणतात. ही पद्धत मुख्यतः ५० मायक्रॉनपलीकडच्या तरंगलांबीच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दूर अवरक्त पट्ट्यासाठी उपयोगी पडते.

अंशशोधनासाठी तारे आणि ग्रह असताना लघुग्रहांची गरज का पडावी, हे सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातील वाचकाला वजनकाट्यावरून चटकन उमजेल. सराफाच्या ग्रॅमच्या वजनांनी उसाच्या ट्रॉलीचा काटा तपासता येत नाही आणि रिकामा काटा शून्य दाखवतो म्हणून भरल्या ट्रॉलीखाली तो खरे बोलेलच असेही नाही. तपासणी त्या-त्या भारापाशीच करावी लागते. अवरक्त संवेदकांचेही तसेच असते. ताऱ्याचे तेज या पट्ट्यात तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे तरंगलांबी दुप्पट झाली की ते चौथ्या हिश्शावर येते. त्यामुळे स्वातीसारख्या ठळक ताऱ्याकडूनही १०० मायक्रॉनला मोजकेच जान्स्की मिळतात. (चौरस मीटरमागे, दर हर्ट्झला १०⁻²⁶ वॉट म्हणजे एक जान्स्की.) उलट युरेनस व नेपच्यून शेकडो जान्स्की देतात आणि मंगळ तर नाजूक संवेदक दिपवून टाकतो. मधली मोठी पोकळी लघुग्रह भरून काढतात. त्यांच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २०० केल्व्हिन असल्याने त्यांचे उत्सर्जन १५ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे ते हळूहळू उतरत जाते.

लघुग्रह स्थिर तेजाचे मात्र नाहीत. सूर्यापासूनचे व आपल्यापासूनचे त्यांचे अंतर बदलते, ते स्वतःभोवती फिरतात, आकारही ओबडधोबड असतो. पॅलसचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या २.१ पटींपासून ३.४ पटींपर्यंत जाते, तर व्हेस्टाची एक फेरी ५.३ तासांत पूर्ण होते. प्रमाण म्हणून त्यांचा उपयोग होतो तो हे बदल हिशेबात धरता येतात म्हणून. त्यासाठीच्या औष्णिक प्रतिमानात, म्हणजे उष्णतेच्या गणिती नमुन्यात, पृष्ठभागाचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे कोणत्याही क्षणीचे तापमान काढतात. त्यात लघुग्रहाचा आकारमान व आकृती, अक्षाचा कल, परावर्तनक्षमता, पृष्ठाचा खडबडीतपणा आणि औष्णिक जडत्व या राशी लागतात. यांतील शेवटची राशी वाईच्या कृष्णाघाटावर उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तळपायांनाच समजते: दिवस मावळून तास झाला तरी घाटाची दगडी पायरी कोमट असते, पण तिच्या कडेला साचलेली कोरडी धूळ केव्हाच निवलेली असते. घट्ट दगड उष्णता आत ओढून घेतो आणि सावकाश परत देतो. धुळीला ते जमत नाही. मोठ्या लघुग्रहांवर अशाच बारीक धुळीचा थर असून त्यांचे औष्णिक जडत्व सघन खडकाच्या तुलनेत शंभराहून अधिक पटींनी कमी आहे. म्हणून त्यांचा पृष्ठभाग उन्हाला जवळपास तत्काळ प्रतिसाद देतो आणि गणित पुष्कळच सोपे होते.

युरोपच्या इन्फ्रारेड स्पेस ऑब्झर्व्हेटरी या उपग्रहासाठी (१९९५–९८) थॉमस म्यूलर आणि योहान लागेरोस या खगोलशास्त्रज्ञांनी लघुग्रहांची अशी प्रतिमाने प्रत्यक्ष उपयोगात आणली. अमेरिकेच्या स्पिट्झर दुर्बिणीवर (प्रक्षेपण २००३) तर १६० मायक्रॉनच्या पट्ट्यात लघुग्रहांवाचून गत्यंतरच उरले नाही. तिथल्या संवेदकापर्यंत कमी तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश झिरपत असे, आणि ताऱ्यात नेमका तोच प्रकाश विपुल असल्याने खरा संकेत त्याखाली झाकला जाई. थंड लघुग्रहात तो प्रकाश फारच थोडा. हर्शेल अवकाश वेधशाळेवर (२००९–१३) सीरिस, पॅलस, व्हेस्टा व लुटेशिया या चौघांची वारंवार निरीक्षणे झाली. प्रतिमानाने वर्तवलेले आकडे प्रत्यक्ष मापनाशी ५ टक्क्यांच्या आत जुळले, आणि चौघांना ताऱ्या-ग्रहांच्या बरोबरीचे प्राथमिक प्रमाण मानले गेले. सीरिसपासून लुटेशियापर्यंत मिळून ते हजार जान्स्कीच्या जरा खालपासून ०.१ जान्स्कीपेक्षाही कमी तेजापर्यंतचा पल्ला व्यापतात.

लघुग्रह आकाशात सरकत असल्याने दुर्बिणीला त्याच्या मागे जावे लागते, हा त्रास खराच. पण लघुग्रह पुढे गेल्यावर आकाशाचा तोच तुकडा पुन्हा टिपून आकाशगंगेतील धुळीची पार्श्वभूमी वजा करता येते. ही सोय ताऱ्याजवळ नाही. खरी अडचण वेगळी आहे. लघुग्रहाचा आकारमान अवरक्त मापनावरूनच काढला आणि त्याच आकारमानावर उपकरण तपासले, तर ज्या काट्याची तपासणी करायची त्यावरच तपासणीचे वजन तोलून घेण्यासारखे होते. म्हणून आकारमान स्वतंत्र मार्गाने मिळवावा लागतो. लुटेशियाजवळून १० जुलै २०१० रोजी रोझेटा यान गेले. डॉन यान २०११ मध्ये व्हेस्टाभोवती आणि २०१५ मध्ये सीरिसभोवती फिरू लागले. जिथे यान पोचलेले नाही तिथे पिधान उपयोगी पडते, म्हणजे लघुग्रह ताऱ्यासमोरून जाताना निरनिराळ्या ठिकाणांहून तारा किती सेकंद दिसेनासा होतो ते मोजून लघुग्रहाची कडा आखता येते. यासाठी मोठी वेधशाळा लागत नाही. सावलीचा पट्टा साताऱ्यावरून जाणार असेल आणि तारा पुरेसा ठळक असेल, तर यवतेश्वरच्या डोंगरावर मांडलेली लहान दुर्बीण, चित्रीकरणाचा कॅमेरा आणि उपग्रहाच्या वेळेशी जुळवलेले घड्याळ एवढ्यावर हे काम भागते.