खेळातली खोप

खेळातली खोप : लहान मुलाला आत शिरून, बसून, लपून खेळता यावे म्हणून घरातल्याच वस्तूंनी उभारलेला छोटा तंबू. झोपडीला कोकणीत ‘खोंप’ म्हणतात, मराठीत खोप किंवा खोपटे. गोव्यातल्या मराठी वाचकाला हा शब्द तंबूपेक्षा जवळचा वाटेल, म्हणून नोंद त्या नावाने केली आहे.

साधारण दीड-दोन वर्षांपासून मूल टेबलाखाली, पडद्यामागे शिरू लागते. ‘हे माझे घर’ म्हणून खेळणे त्यानंतर येते आणि सहा-सात वर्षांपर्यंत चांगले रंगते. त्या वयात हवी असते ती आपल्या मापाची जागा, जिथे मोठ्यांना वाकूनच यावे लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात परिसरातल्या वस्तू हीच साधने मानली होती. खोपीलाही तोच न्याय लावावा. विकतचा नायलॉनचा तंबू लवकर उभा राहतो हे खरे, पण ‘ही दोरी मी बांधली’ असे मुलाला त्यात कधीच म्हणता येत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यात खोप अंगणात किंवा कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, होते : आंब्याच्या खालच्या फांदीला माडाची चुडते टेकवली की झाली. पण इथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अंगण बंद होते तेव्हाच मुलाला खोपीची खरी गरज असते. मग ती ओसरीवर येते, फ्लॅटमध्ये असेल तर बैठकीच्या खोलीत. खिडकीच्या गजापासून समोरच्या खुंटीपर्यंत सुंभ ताणून त्यावर चादर टाकली आणि खालची टोके पाटांखाली दाबली, की मधे आढे व दोन्हीकडे उतार अशी राहुटी तयार होते. मराठी फौजांच्या छावणीतल्या राहुटीची ठेवण हीच.

जास्त दिवस टिकणारी खोप चार काठ्यांची. हा आकार उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या आदिवासींच्या टीपी या कातडी तंबूवरून जगभर गेला. काठ्यांसाठी दक्षिण कोकण व गोव्यात होणारा माणगा उत्तम. हा बांबू भरीव, सरळ आणि जवळजवळ बिनकाट्यांचा असतो. १८० सेंमी लांबीच्या चार काठ्या वरच्या टोकापासून २५ सेंमीवर सुंभाने इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखे वेढे घेऊन बांधाव्यात आणि पायथा ११० सेंमी चौरस होईल अशा फाकवाव्यात. बांधणी जमिनीपासून साधारण १३४ सेंमीवर येते. चार वर्षांचे मूल आत सहज उभे राहते.

कापडाला जुनी सुती साडी घ्यावी. सहावारी साडी सुमारे साडेपाच मीटर लांब, पन्हा ११५ सेंमी. तिचे १४५ सेंमी लांबीचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकातून पन्हाभर पायाचा एक समद्विभुज त्रिकोण कापायचा. या तीन बंद बाजू. प्रत्येक तुकड्यात दोन्हीकडे एकेक काटकोन त्रिकोण उरतो. त्यांतले दोन उलटे करून शेजारी लावले की पुढची, मधोमध उघडणारी बाजू होते, आणि साडीचे काठ नेमके दाराच्या कडांवर येतात, त्यामुळे तिथे दुमडही घालावी लागत नाही. नक्षी त्या बाजूला उलटी दिसते. मुलाला त्याचे काही वाटत नाही. राहिलेल्या मीटरभर कापडातून बांधायचे बंद आणि एक खिसा निघतो. खाली वाकळ अंथरावी.

गुळगुळीत फरशीवर काठ्या घसरतात आणि सगळी खोप मुलाच्या अंगावर बसते. चारही पाय तळाशी दोरीने एकमेकांना बांधून घेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. दाराच्या बाजूची दोरी वाकळीखालून न्यावी, नाहीतर मूल अडखळते. बांबूची टोके पॉलिश पेपरने घासावीत. कुठलाही लोंबता बंद वीतभरापेक्षा लांब ठेवू नये, तो गळ्याभोवती अडकू शकतो. पणती, मेणबत्ती आत कधीच नको. दमट हवेत प्लास्टिकची ताडपत्री मुलाला गुदमरवते, म्हणून ती कितीही सोपी वाटली तरी टाळावी. पावसाळ्यात ओसरीवर खोप असेल तर वाकळ रोज उचलून झटकावी. विंचू आणि गोमी कोरडी जागा शोधत येतात.

ताज्या बांबूतल्या पिठूळ अंशामुळे त्याला भुंगा लागतो. तोडलेल्या काठ्या काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवल्या तर तो अंश बराच निघून जातो. साडीला बुरशी धरू नये म्हणून उन्हाची तिरीप दिसेल त्या दिवशी ती उतरवून वाळत घालावी. मूल मोठे झाले की काठ्या परसात दोडक्याच्या मांडवाला जातात आणि साडीचे तुकडे पुढच्या वाकळीत.