कालवे रेल्वेने बुडवले की डोंगराने?

कालवा म्हटला की आपल्याला पाट आणि ऊस आठवतो. अमेरिकेतले एकोणिसाव्या शतकातले कालवे शेतीचे नव्हेत, होड्यांचे. ते रेल्वेने बुडवले, असं सर्रास म्हटलं जातं. काठावरून खेचरं चालायची आणि दोराने होडी ओढायची. १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातला ईरी कालवा पूर्ण झाला, बफलो ते न्यूयॉर्क वाहतूक टनामागे सुमारे १०० डॉलरवरून १० डॉलरच्या आसपास आली आणि शेजारच्या राज्यांची झोप उडाली.

सगळ्यात जास्त घाई झाली पेनसिल्व्हेनियाला. पाहणीसाठी इंग्लंडला धाडलेल्या वास्तुविशारदाचा कल रेल्वेकडे होता. तरी १८२६ मध्ये कायदा झाला तो कालव्याचा. त्या आमदारांना आज मूर्ख ठरवणं सोपं आहे. वाफेच्या इंजिनावर तेव्हा कुणाचा भरवसा नव्हता आणि ईरीवर तर टोल जमा होत होता. चूक नकाशा वाचण्यात झाली. ईरीला मोहॉक नदीच्या खोऱ्यातून आयती वाट मिळाली होती, पेनसिल्व्हेनियाला मात्र सुमारे ७०० मीटर उंचीवरची खिंड ओलांडायची होती. डोंगरावर पाणी चढवणार कसं? मग ‘कालवा’ झाला तो असा: आधी रेल्वे, मग कालवा, मग डोंगरावर ५८ किलोमीटर रूळ, पुन्हा कालवा. या रुळांवर १० उतरणी होत्या, पाच अलीकडे, पाच पलीकडे. माथ्यावर रोवलेलं वाफेचं इंजिन दोराने गाडे वर खेचायचं. पुढे तर अख्खी होडीच तुकड्यातुकड्यांनी गाड्यावर चढू लागली. अंबाडीचे दोर तुटायचे, म्हणून १८४० च्या दशकात तारेचे आले. हिवाळ्यात पाणी गोठलं की सगळंच ठप्प. याला कालवा म्हणायचं की रेल्वे, हे मला तरी अजून ठरवता आलेलं नाही.

१८३७ च्या मंदीनंतर कर्ज डोईजड झालं. १८४२ मध्ये राज्याने रोख्यांचं व्याज थकवलं. १८५७ मध्ये हा सगळा पसारा ७५ लाख डॉलरला एका रेल्वे कंपनीच्या पदरात पडला.

म्हणजे रेल्वेने मारलं ते आधीच आजारी असलेल्यांना. ईरीवरची मालवाहतूक १८८० च्या सुमारास, म्हणजे शेजारून आगगाड्या धावू लागून कित्येक वर्षं झाल्यावर, शिखरावर होती. टोल उठला तो त्यानंतर. पोटोमॅक नदीच्या काठचा कालवा आणि त्याची स्पर्धक रेल्वे या दोन्हींचा नारळ ४ जुलै १८२८ या एकाच दिवशी फुटला. रेल्वे कंबरलंड या गावाला पोचली १८४२ मध्ये, कालवा १८५० मध्ये. तरीही तिथे कोळशाच्या होड्या १९२४ च्या पुरापर्यंत चालत होत्या.