काळा घोडा फेस्टिव्हलचा पैसा जातो कुठे? त्यासाठी आधी फोर्टची जुनी गोष्ट

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिण मुंबईतल्या फोर्ट भागात काळा घोडा हा नऊ दिवसांचा कला फेस्टिव्हल आला की कोणीतरी विचारतंच, एवढी गर्दी, एवढे स्टॉल, जिकडे बघावं तिकडे स्पॉन्सरचे बोर्ड, मग हा पैसा जातो कुठे? प्रश्न रास्त आहे, विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर त्या नऊ दिवसांत सापडत नाही, त्यासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं, कारण फोर्टमध्ये बांधायला पैसा नेहमी मिळत आला, सांभाळायला मात्र मिळत नव्हता, आणि हा फेस्टिव्हल भरवणारी काळा घोडा असोसिएशनसारखी संस्था उभी राहिली ती याच अडचणीतून. मी फोर्टातल्या एका छोट्या सीए ऑफिसात बरीच वर्षं ट्रस्टांचे हिशोब बघितलेत (या संस्थेचे नाही, हे आधीच सांगतो), त्यामुळे मला ही गोष्ट वह्यांच्या बाजूने जास्त दिसते.

तर फोर्ट म्हणजे खरोखरच किल्ला होता. चर्चगेट, बाजारगेट, अपोलो गेट हे त्याचे खरे दरवाजे. १८६२ पासून गव्हर्नर सर बार्टल फ्रिअरच्या काळात तटबंदी पाडायला घेतली आणि नेमकं त्याच वेळी तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, १८६१ ते १८६५, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मग मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. १८६५ ला युद्ध संपलं, शेअरबाजार कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या, पण तोवर शहराचा नकाशा बदलून गेला होता. आजचं हॉर्निमन सर्कल (तेव्हाचं एल्फिन्स्टन सर्कल) बघा, पालिकेने जागा घेतली, प्लॉट पाडून व्यापारी कंपन्यांना विकले, सगळ्या इमारतींचे दर्शनी भाग एकसारखे ठेवायला लावले आणि मधे बाग, १८७२ ला काम पूर्ण. म्हणजे सरकारी जागा, खाजगी पैसा आणि सगळ्यांना एकच नियम, हे गणित तेव्हाच मांडून झालं होतं.

बाकी बरंचसं देणगीतून. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून, त्यांच्या आईच्या नावाने, १८७८ ला पुरा झाला. डेव्हिड ससून लायब्ररीचं मूळ तर मला फार आवडतं, १८४७ मध्ये टाकसाळ आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण मेकॅनिक लोकांनी स्वतःसाठी सुरू केलेली संस्था, तिला पुढे ससूनची देणगी मिळाली आणि १८७० ला आजची इमारत उभी राहिली. ज्याच्यामुळे या भागाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा अल्बर्ट ससूनने दिला, १८७९ ला बसवला. बाजारगेटजवळचा वाडिया क्लॉक टॉवर १८८२ चा, तोही लोकवर्गणीचा. स्वातंत्र्यानंतरही तेच, १९५२ ची जहांगीर आर्ट गॅलरी सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीची. फोर्टमध्ये फिरताना दगडात कोरलेली दात्यांची नावं वाचत जा, कोणी किती दिलं ते कळतं. दरवर्षी झाडायला, गळती काढायला, घड्याळ चालू ठेवायला कोण देणार ते कुठल्याच दगडावर लिहिलेलं नाही.

खरी घसरण सुरू झाली ती भाड्यांमुळे. १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला आणि जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, फाळणीनंतरच्या मुंबईत ते नसतं तर माणसं रस्त्यावर आली असती, त्यामुळे मी त्या कायद्याला सरसकट वाईट म्हणणार नाही. पण तो तात्पुरता म्हणून आला आणि वर्षानुवर्षं मुदतवाढ घेत राहिला, १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० ला लागू होईपर्यंत. तोवर झालं असं की भाडं तेच, सिमेंट-लाकूड-मजुरी कैक पटीने वर, मग मालक म्हणणार मी का खर्च करू आणि भाडेकरू म्हणणार इमारत माझी नाही. १९६९ ला सरकारने दुरुस्ती मंडळ आणलं, जुन्या इमारतींवर सेस म्हणजे उपकर लावला, जुन्या बेटावरच्या मुंबईत अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ मोजल्या गेल्या. पण तो पैसा इमारत अंगावर पडू नये म्हणून टेकू लावायचा, दगडी कोरीवकाम किंवा लाकडी गॅलऱ्या जपायचा नाही.

त्यात ऑफिसं हलायला लागली. आधी सत्तरच्या दशकात नरिमन पॉइंटला, नंतर बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), २०१० मध्ये हिरेबाजारही ऑपेरा हाऊसकडून तिकडेच गेला. संध्याकाळी सातनंतर फोर्ट ओस पडायचा. घोड्याचा तो पुतळा तर १९६५ लाच भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला होता, नाव तेवढं मागे राहिलं.

मग १९९५ ला मुंबईची हेरिटेज नियमावली आली. इमारतींना ग्रेड एक, दोन, तीन अशा श्रेणी, हेरिटेज समितीची परवानगी. फार मोलाचं काम झालं, ती नसती तर आज निम्मा फोर्ट काचेचा असता असं माझं प्रामाणिक मत आहे. पण नियमावलीने सांगितलं काय करायचं नाही ते. जे करायचं त्याचा खर्च कोणी उचलायचा हे तसंच लटकलेलं राहिलं.

इथे १९९८ ला काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली. छत्रपती शिवाजी महाराज म्युझियम, जहांगीर, १९९६ ला सुरू झालेली एनजीएमए (आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी), मॅक्स म्युलर भवन हे जर्मन सांस्कृतिक केंद्र, ससून लायब्ररी, सगळं पाच मिनिटांच्या चालण्यात, तर या पट्ट्याला कलेचा भाग म्हणून ओळख द्यायची, लोकांना परत आणायचं आणि त्यातून दुरुस्तीला पैसा उभा करायचा, असा विचार. १९९९ ला पहिला फेस्टिव्हल झाला. प्रवेश फुकट, पहिल्यापासून आजपर्यंत. आजूबाजूलाही असंच चाललं होतं, डी. एन. रोडवर दुकानदारांना बरोबर घेऊन पाट्या, कमानी, फूटपाथ सुधारायचं काम झालं आणि २००४ च्या युनेस्को आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली, तर ओव्हल मैदान आसपासच्या रहिवाशांनी कोर्टात भांडून देखभालीला घेतलं, आज तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना हे माहीतही नसेल.

आता पैशाचं. परदेशात डाउनटाउन सांभाळणाऱ्या संस्थांना बऱ्याच ठिकाणी कायद्याचा आधार असतो, १९७० मध्ये टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेजमध्ये हे सुरू झालं, त्या भागातल्या सगळ्या दुकानदारांकडून पालिका जादा कर गोळा करते आणि तो त्या भागाच्याच संस्थेला देते, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम येणारच. आपल्याकडे तशी सोय नाही. फोर्टमधला प्रॉपर्टी टॅक्स पालिकेच्या एकाच तिजोरीत जातो. त्यामुळे इथल्या संस्थेकडे राहतं काय तर स्पॉन्सरशिप, स्टॉलचं भाडं आणि देणग्या. त्यातून आधी स्टेज, लाइट, सिक्युरिटी, फिरती टॉयलेटं, सफाई, परवानग्या यांची बिलं जाणार आणि उरेल ते जतनाच्या कामाला. आणि ज्या इमारतीवर किंवा कारंज्यावर खर्च करायचा ती मालमत्ता संस्थेची नसते, कधी पालिकेची, कधी पीडब्ल्यूडीची (सरकारी बांधकाम खात्याची), कधी दुसऱ्याच ट्रस्टची, तेव्हा पैसा आपला, परवानगीसाठी खेटे मात्र दहा ठिकाणी.

हिशोबाचे नियमही समजून घेण्यासारखे आहेत. सार्वजनिक न्यास म्हटलं की १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे ऑडिट केलेले हिशोब जातात. इन्कम टॅक्सची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग सहसा कामावर लावावा लागतो. आणि एक बारीक गोष्ट, सर्वसाधारण लोकोपयोगी कामाची संस्था असेल तर धंदेवाईक स्वरूपाची आवक २० टक्क्यांच्या वर गेली की सूट धोक्यात येते, पण स्मारकं आणि ऐतिहासिक वास्तूंचं जतन हा कायद्यात वेगळा धर्मादाय हेतू धरलाय, त्याला ही मर्यादा नाही. त्यामुळे स्टॉल आणि स्पॉन्सर यांच्यावर चालणाऱ्या संस्थेच्या घटनेत जतन हा शब्द कसा आणि कुठे लिहिलाय याला फार किंमत असते.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मात्र चित्र बरंच बदललं. मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करणं १ एप्रिल २०१४ पासून आलं आणि अशा कामांची यादी असलेल्या त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आहे. पण जून २०१४ च्या सरकारी परिपत्रकाने स्पष्ट केलं की एकदाच होणारे कार्यक्रम, जाहिरात, स्पॉन्सरशिप हे सीएसआरमध्ये धरायचं नाही. म्हणजे एकाच कंपनीचे दोन खिसे झाले, फेस्टिव्हलवरचा बोर्ड मार्केटिंगच्या खिशातून आणि इमारतीची दुरुस्ती सीएसआरच्या खिशातून, आणि सीएसआरचा पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामाला.

या काळात कामं दिसायला लागली. रीगल सिनेमासमोरचं १८६५ चं वेलिंग्टन कारंजं आणि तो वाडिया क्लॉक टॉवर, दोन्ही पुन्हा उभे केले आणि दोघांनाही २०१७ च्या युनेस्को पुरस्कारांत ऑनरेबल मेन्शन मिळालं. त्याच वर्षी काळा घोडाला घोडा परत आला, या वेळी स्वार नाही. १८८४ च्या निळ्या सिनेगॉगचं (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचं) काम जेएसडब्ल्यू या उद्योगसमूहाच्या पैशातून झालं, २०१९ ला त्यालाही पुरस्कार. मधे ३० जून २०१८ ला व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा सगळा पट्टा जागतिक वारसा यादीत गेला, ९४ इमारती, आणि त्यासाठी रहिवासी संघटना आणि अशाच संस्थांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. यादीत नाव आलं म्हणून देखभालीचा पैसा तिकडून येत नाही, तो इथेच उभा करायचा.

आणि तो कसा एका झटक्यात आटतो ते कोविडमध्ये दिसलं. रस्त्यावरचा फेस्टिव्हल बंद पडला तो थेट २०२३ ला परत भरला, मधल्या काळात स्टॉल नाहीत की बोर्ड नाहीत, पण कारंज्यावरची धूळ काही थांबत नाही.

म्हणून अशा संस्थेचा वार्षिक हिशोब हातात आला की मी देणग्यांच्या मोठ्या आकड्याआधी दुरुस्ती-देखभालीची ओळ बघतो. सीएसआरमधलं चालू काम नियमाने सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत आटपावं लागतं, कंपनी फोटो काढून मोकळी होते, मग पुढचा वॉचमनचा पगार, कारंज्याचा पंप, पावसाळ्यानंतर दगडातली पिंपळाची रोपं काढायची मजुरी हे सगळं संस्थेच्या स्वतःच्या फंडातून जातं, आणि तो फंड भरतो तुमच्या-आमच्या गर्दीमुळे आलेल्या त्या नऊ दिवसांच्या बोर्डांतून आणि स्टॉलच्या भाड्यातून.