धाकट्याची गादी

म्यानमारच्या सीमेवर कुंपण घालू नका, सीमेपासून १६ किलोमीटरपर्यंत ये-जा करायची मुभाही काढू नका, असा ठराव मिझोराम विधानसभेने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी केला. २०२१च्या लष्करी उठावानंतर तिकडच्या चिन प्रांतातून पळून आलेल्या चिन लोकांना मिझो माणसांनी आसरा दिला होताच. बातमी वाचून आपल्याकडे बऱ्याच जणांना प्रश्न पडला, की परक्या देशातल्या लोकांचा एवढा पुळका कशासाठी? पण मिझो, चिन, थाडो, पायते, हमार, झोऊ या सगळ्यांच्या बोली तिबेटी-बर्मी भाषाकुळाच्या एकाच फांदीवरच्या. सीमारेषा पुष्कळ नंतर आली. ‘मि’ म्हणजे माणूस, आणि ‘झो’ म्हणजे उंचावरचा, डोंगरातला, असा अर्थ बहुतेक जण लावतात. या सगळ्यांना मिळून झो म्हणता येईल; त्यांच्यातल्या काहींना चिकटलेली ‘कुकी’ आणि ‘चिन’ ही नावं मात्र शेजाऱ्यांनी ठेवलेली.

या झो लोकांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या गावप्रमुखांची वारसा-रीत. लुशाई डोंगरात, म्हणजे आजच्या मिझोराममध्ये, प्रमुखाला ‘लाल’ म्हणत, आणि बहुतेक लाल सैलो घराण्यातले. लालाचा थोरला मुलगा लग्नाच्या वयाचा झाला की बाप त्याचं लग्न लावून देई, गावातली काही घरं त्याच्याबरोबर धाडी, आणि तो वेगळ्या डोंगरावर नवं गाव वसवी. तिथे तोच लाल. बापाला खंडणी नाही; भांडणात मदतीला धावायचं, एवढंच. मग दुसरा, मग तिसरा. बापाचं गाव आणि मालमत्ता मिळे ती घरी उरलेल्या धाकट्याला. मानवशास्त्रात याला कनिष्ठाधिकार म्हणतात.

हिशेब करून पाहा. तीनशे घरांच्या गावातल्या लालाला चार मुलं. तिघे पन्नास-पन्नास घरं घेऊन गेले, तर धाकट्याच्या वाट्याला दीडशे. म्हणजे मोठं राज्य उभंच राहत नाही, दर पिढीला ते फुटतं. पण फुटता फुटता पसरतं. शिवाय त्या पन्नास घरांत सगळे सैलो नसत. राल्ते असत, हमार असत, पायते असत, आणि प्रत्येकाची बोली वेगळी. नव्या गावात सगळ्यांना समजणारी बोली कुठली? लालाची, म्हणजे दुहलियन. १८९४मध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी आले, त्यांनी या बोलीला रोमन लिपी दिली, आणि आजची मिझो भाषा ती हीच. मिझो ओळख घडवली कोणी, असं मला विचारलं तर घराबाहेर काढलेल्या थोरल्या मुलांनी, असं मी म्हणेन.

लाल मनमानी करत नसे का? करायचा, पण बेताने. तिथली शेती झूमची, आपल्याकडच्या कुमरीसारखी: रान तोडा, जाळा, पेरा, काही वर्षांनी पुढे सरका. घरं बांबूची. लाल पटला नाही तर कुटुंब दुसऱ्या गावाची वाट धरी. जाणाऱ्याचं धान्य-सामान लाल जप्त करू शके, तरी लोक जात. आणि घरं घटली की ‘फाथांग’, म्हणजे प्रमुखाला द्यायचं भात, घटे, शिकारीतला वाटा घटे, लढायला माणसं उरत नसत. हा लगाम सैल केला इंग्रजांनी. त्यांनी गावांच्या हद्दी आखून लालांना हद्दीचे कागद दिले. नवं गाव वसवायला साहेबाची परवानगी लागू लागली, आणि लाल सरकारचा माणूस झाला. १९४६मध्ये स्थापन झालेल्या मिझो युनियनने हे लालपण मोडा असा धोशा लावला. १९५४च्या कायद्याने ते गेलं आणि त्याच वर्षी लुशाई हिल्सचं नाव मिझो जिल्हा झालं.

मणिपूरच्या डोंगरात मात्र गोष्ट वेगळी. थाडो-कुकींत गादी थोरल्याची, आणि गावची जमीन प्रमुखाच्या, ‘हाओसा’च्या नावावर. तिथेही प्रमुखांचे हक्क घेणारा कायदा १९६७मध्ये झाला, पण तो कधी अमलात आला नाही. त्यात १९५६च्या अनुसूचित जमातींच्या यादीत पायते, हमार, वायफेई, झोऊ अशी नावं सुटी सुटी नोंदली गेली. या सगळ्यांना मिळून कुकी म्हणायचं की झोमी, हा वाद अजून मिटलेला नाही.

जाता जाता: या झो लोकांतले काही जण स्वतःला इस्रायलच्या हरवलेल्या टोळीचे वंशज मानतात. २००५मध्ये इस्रायलच्या एका मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तसं मान्यही केलं. तो धर्माचा निर्णय, त्यांना लखलाभ. फॉरवर्ड करणाऱ्यांनी त्याला जनुकशास्त्राचा पुरावा म्हणू नये.

लाल पदावरून गेले, नावांतून गेले नाहीत. १९६६च्या मिझो बंडाचे नेते लालडेंगा; २०२४मध्ये तो ठराव झाला तेव्हाचे मुख्यमंत्री लालदुहोमा. आणि चर्चमध्ये प्रार्थना करताना मिझो माणूस प्रभूला हाक मारतो तीही ‘लालपा’ अशीच.