पिवळं फूल, लाल फळ, पण स्ट्रॉबेरी नव्हे

न्यू जर्सीत नवं घर घेतलेल्या मराठी मंडळींकडून उन्हाळ्याच्या तोंडावर एक फोटो हमखास येतो. लॉनच्या कडेला जमिनीलगत पसरलेली तीन-तीन पानं, मध्येमध्ये लालचुटुक फळं. ‘अगं, आमच्याकडे आपोआप स्ट्रॉबेरी आलीय!’ थोड्या वेळाने दुसरा मेसेज: ‘चवच नाही गं.’

कशी असेल? ही मॉक स्ट्रॉबेरी, शास्त्रीय नाव पोटेन्टिला इंडिका. गुलाबाच्याच कुळातली. मूळची हिमालयापासून चीन-जपानपर्यंतची. अमेरिकेत शोभेसाठी नेली आणि ती बागेबाहेर पळाली. तिकडची अस्सल रानस्ट्रॉबेरी वेगळी: फ्रॅगारिया व्हर्जिनियाना.

फुलं असतील तर फार डोकं चालवायला नको. पाकळ्या दोघींनाही पाचच, पण अस्सल स्ट्रॉबेरीच्या पांढऱ्या आणि हिच्या पिवळ्या. पिवळ्या फुलाचं आणखी एक रोप तिथे दिसतं, सिंकफॉइल. त्याच्या पानाचे बहुधा पाच भाग असतात, हिचे तीन.

घोळ होतो तो फुलं नसताना. पानांच्या भरवशावर राहू नका. कातरलेल्या कडा दोघींना, रनर, म्हणजे जमिनीवरून सरपटत जाणारे लांब देठ, सोडून पसरायची सवयही दोघींना. रानस्ट्रॉबेरीच्या पानाच्या तीन भागांपैकी मधल्याच्या अगदी टोकाचा दात शेजारच्या दातांपेक्षा छोटा असतो म्हणतात ते खरं, पण त्यासाठी गुडघे टेकून बसावं लागतं. त्यापेक्षा फळ बघा. रानस्ट्रॉबेरीचं फळ पिकलं की खाली लोंबतं, बिया खळग्यांत रुतलेल्या असतात, आणि वास तर विचारू नका. मॉक स्ट्रॉबेरीचं फळ मान ताठ करून आकाशाकडे बघतं. गोल, आणि लाल बिया अंगावर घामोळ्यासारख्या वर आलेल्या. नखाने फोडा: आत पांढरं, भुसभुशीत, वासाचा पत्ता नाही. फळाखाली हिरव्या पानांची रुंद झालर असते, प्रत्येक पानाच्या टोकाला तीनेक दाते. अस्सल स्ट्रॉबेरीची झालर अरुंद आणि बिनदात्यांची. ही खूण फुलाखालीही दिसते, म्हणून मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

मॉक स्ट्रॉबेरी विषारी नाही, नुसती बेचव. मात्र लॉनवर तणनाशक मारलं असेल तर दोन्हींपैकी काहीच पोरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

नावाने फसलेले आपण पहिले नव्हे. 1807 साली लंडनमध्ये हिचं वर्णन छापलं गेलं तेव्हा तिला फ्रॅगारिया इंडिका, म्हणजे भारतीय स्ट्रॉबेरीच म्हटलं होतं. पण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीशी या ‘इंडिका’चं थेट नातं नाही. ते आहे त्या पांढऱ्या फुलवाल्या अमेरिकन रानटीशी. 18व्या शतकात युरोपातल्या बागांत तिचा चिलीहून आणलेल्या जातीशी संकर झाला, आणि त्याच संकराची लेकरं आज महाबळेश्वर-पाचगणीच्या गादीवाफ्यांवर पिकतात.