शहापूर-मुरबाडच्या गावात जनऔषधी केंद्र काढायचं आहे? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

मी ठाण्यात औषधाच्या काउंटरवर उभी राहते. परवा एक मावशी कापलेल्या स्ट्रिपचा तुकडा घेऊन आल्या. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरच्या, मुलाकडे आलेल्या. प्रेशरच्या गोळीचं नाव अर्धंच उरलेलं, आणि एक्सपायरीची तारीख दुकानदाराकडे राहिलेल्या अर्ध्या भागावर. "दहाच घेतल्या होत्या, जीपचं भाडं ठेवायचं होतं ना," म्हणाल्या.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळत असतील तर तिथूनच घ्याव्यात. पण ओपीडीची वेळ चुकली किंवा लिहून दिलेली गोळी तिथे नसली, की माणूस आसनगाव किंवा मुरबाड गाठतो. बाजाराच्या गावातच स्वस्त औषधाचं दुकान, म्हणजे जनऔषधी केंद्र, असेल तर ही फेरी वाचते. म्हणून ही माहिती सविस्तर लिहिते आहे.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजना केंद्र सरकारच्या रसायन व खते मंत्रालयाची आहे आणि ती पीएमबीआय ही संस्था चालवते. जनऔषधी केंद्रातली जेनेरिक औषधं, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ घटकाच्या नावाने विकली जाणारी, ब्रँडेडपेक्षा साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त पडतात. 'सुविधा' सॅनिटरी पॅड एक रुपयाला एक मिळतो. आमच्या भागातल्या मुलींसाठी एवढ्यासाठीसुद्धा केंद्र हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी फार्मासिस्ट, मग जागा, मग अर्ज

बहुतेक जण उलट करतात. गाळा भाड्याने घेतात, फर्निचर करतात आणि मग फार्मासिस्ट शोधायला निघतात. तोवर चार महिन्यांचं भाडं गेलेलं असतं.

अर्जदाराकडे स्वतःची डी. फार्म पदविका किंवा बी. फार्म पदवी हवी, नाहीतर तशी व्यक्ती नोकरीला ठेवायला हवी. संस्था किंवा ट्रस्टलाही हीच अट आहे. त्या व्यक्तीची महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी आणि नूतनीकरण चालू असलं पाहिजे. कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला आहे, आपल्याला लांब नाही. सर्टिफिकेट भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडे नोकरीला, हा प्रकार कृपा करून करू नका. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं, असं औषध नियम सांगतात. तपासणीत माणूस जागेवर सापडला नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. चुकीची गोळी दिली गेली तर ते त्याहून वाईट. आसनगावला फार्मसीचं शिक्षण मिळतं. तिथून बाहेर पडणाऱ्या, किन्हवली, खर्डी, कसारा भागातल्याच मुलामुलींशी बोला. गावचं माणूस टिकतं.

जागेसाठी जनऔषधीची अट किमान १२० चौरस फुटांची आहे. अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, किरकोळ दुकानासाठी किमान १० चौरस मीटर लागतात. १२० फूट घेतले की दोन्ही अटी भागतात. स्वतःची जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती काढून ठेवा. भाड्याची असेल तर भाडेकरार नोंदणी केलेला हवा.

इथे आपल्या तालुक्यांतली एक खास अडचण आहे. जागा आदिवासी खातेदाराच्या सातबाऱ्यावरची असेल आणि भाडेकरू बिगरआदिवासी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे भाडेपट्ट्यालाही आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तोंडी ठरवून पैसे देऊन बसू नका, आधी तलाठ्याकडून सातबारा बघा.

अर्ज आणि पैसे

अर्ज जनऔषधीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. आधार, पॅन, फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि जागेचे कागद स्कॅन करून तयार ठेवा. आधार आणि पॅनवरचं नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही पाहा. एका अक्षरासाठी अर्ज परत आलेला मी पाहिला आहे. शुल्क ५,००० रुपये, परत न मिळणारं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि दिव्यांग यांना ते माफ आहे, मात्र जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांचा हवा.

प्राथमिक मंजुरीचं पत्र आलं की औषध परवान्याकडे वळा. जिल्ह्याचं एफडीए कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटला आहे. किरकोळ विक्रीसाठी फॉर्म १९ मध्ये अर्ज करायचा, परवाने मिळतात फॉर्म २० आणि २१ चे. जागेचा नकाशा, फार्मासिस्टचं नेमणूकपत्र व संमती आणि फ्रिजचं बिल लागतं. फ्रिजशिवाय इन्सुलिन ठेवता येत नाही, आणि गावात वीज जाते. म्हणून इन्व्हर्टरचा खर्च पहिल्याच हिशेबात धरा. निरीक्षक जागा पाहून जातात. परवाना केंद्राच्या नावाने निघाला की पीएमबीआयशी करार होतो, बिलिंगचं सॉफ्टवेअर मिळतं आणि मग माल मागवता येतो.

विक्रीवर २० टक्के मार्जिन असतं. त्याशिवाय साठ्याच्या अटी पाळल्या तर मासिक खरेदीच्या २० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २०,००० रुपये प्रोत्साहन रक्कम मिळते. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती आणि माजी सैनिक अर्जदारांना एकदाच २ लाख रुपये: फर्निचरसाठी दीड लाख आणि संगणक, प्रिंटर वगैरेंसाठी ५० हजार. हे पैसे आधी आपल्या खिशातून घालायचे असतात, नंतर बिलांवर परत मिळतात. म्हणजे सुताराचंसुद्धा पक्कं बिल घ्या. ठाणे आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे केंद्र सरकारने मागास म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांत, येत नाही, त्यामुळे खुल्या गटातल्या पुरुष अर्जदाराने ही रक्कम धरून चालू नये.

गावच्या विविध कार्यकारी सोसायटीलाही केंद्र काढता येतं. देशभरात अशा २,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना परवानगी देण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. सोसायटीकडे बहुतेकदा स्वतःची जागा असते, हा मोठा फायदा. शंका असेल तर १८००-१८०-८०८० हा टोल फ्री नंबर आहे.

जिथे केंद्र चालणारच नाही

चाळीस घरांच्या पाड्यावर फार्मासिस्टचा पगार निघणार नाही. पण लोकवस्ती १,००० पेक्षा जास्त नसलेल्या गावात किराणा दुकानदाराला पॅरासिटामॉल, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, बाम, कापूस, बँडेज अशी ठरावीक घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. औषध नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये ही सूट आहे. अटी अशा: माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घेतलेला, मूळ बंद पॅकिंगमधला, आणि मुदत संपलेला नको. बिल जपून ठेवा, आणि स्ट्रिप कापून देऊ नका. तारीख नेमकी कापलेल्या बाजूला राहते.