मीअँडर: सपाट मैदानात नदी वळते कशी?

वाटेत खडक आडवा आला की नदी वळते, असं आपण सहज सांगून टाकतो. डोंगरात ते पटतंही. पण नद्या सर्वांत जास्त वळतात त्या सपाट मैदानात, जिथे अडवायला मऊ गाळाशिवाय काहीच नसतं.

अशा नागमोडी वळणांना इंग्रजीत मीअँडर म्हणतात. रमतगमत भटकणं, बोलता बोलता विषय सोडून भरकटणं, यालाही तोच शब्द. ग्रीक भांड्यांच्या काठावरच्या चौकोनी वळणांच्या नक्षीलाही तेच नाव. या सगळ्याचं मूळ नैऋत्य तुर्कस्तानातल्या एका नदीत आहे. आज ती ब्युयुक मेंदेरेस, प्राचीन ग्रीकांची मायअँड्रोस. वाकड्यातिकड्या कशालाही लोक हिचंच नाव देतात, असं भूगोलकार स्ट्रेबोने दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलंय. लॅटिनमार्गे शब्द इंग्रजीत आला.

नदी मात्र भरकटत नसते. न गाळलेला चहा कपात ढवळून बघा. जड पत्ती कडेला फेकली जायला हवी, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. 1926 साली आइन्स्टाइनने हेच कोडं नदीच्या वळणाशी जोडलं. वळणारं पाणी बाहेर रेटलं जातं, त्यामुळे बाहेरच्या काठाशी पातळी किंचित चढते आणि तिथला वाढलेला दाब पाण्याला आत ढकलतो. पृष्ठभागावर पाणी वेगवान, म्हणून बाहेरचा रेटा जिंकतो. तळाशी घर्षणाने वेग घटतो, रेटा कमी पडतो, दाब मात्र कायम राहतो. तिथे पाणी आत सरकतं. वर बाहेर, खाली आत, आणि सोबत पुढेही, असा मळसूत्री प्रवाह तयार होतो. तो बाहेरचा काठ कोरतो, वाळू आतल्या काठाशी आणून टाकतो. वळण आणखी वाढतं. शेवटी दोन वळणांमधली चिंचोळी पट्टी एखाद्या पुरात फुटते आणि मागे नालाकृती सरोवर उरतं. ओहोळ असो वा महानदी, वळणांच्या एका पूर्ण जोडीची लांबी पात्राच्या रुंदीच्या साधारण दहा ते चौदा पट भरते. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

नदीची लांबी भागिले सरळ अंतर म्हणजे गणितातला पाय (π), 3.14, हा दावा मात्र पुढे पाठवू नका. 1996 सालच्या एका संगणकी प्रतिरूपातली ती सरासरी होती. खऱ्या नद्यांपैकी बहुतेकींचं गुणोत्तर बरंच कमी असतं.

पूर रोखण्यासाठी फ्लोरिडातली 166 किलोमीटरची किसिमी नदी 1962 ते 1971 दरम्यान सरळ करून 90 किलोमीटरचा कालवा केला गेला. पाणथळी आटल्या, पाणपक्षी गेले. मग कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणं परत जिवंत करावी लागली. ते काम 2021 मध्ये संपलं.